सहीतली मुंगी

संपादक कुलथे यांनी अल्बम माझ्यासमोर ठेवला, वरचं पातळ वेष्टन स्वतःच फाडलं आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "बघा ताई. मुखपृष्ठ कसं वाटतंय?"

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन पाच आठवडे झाले होते. सोलापुरात मे महिन्यातली अकराची वेळ. कुलथेंच्या केबिनमधला कूलर पाण्याचा वास सोडत होता. अल्बमवर लाल अक्षरांत 'उभा धागा : निवडक कोडम' असं लिहिलं होतं. ते नानांच्या सदराचं नाव. चादरीच्या कारखान्यात ते नक्षीचे आलेख काढायला होते, तिथून उचललेलं. सव्वीस वर्षं दैनिकाच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात त्यांचं चित्र आलं आणि खाली 'कोडम' अशी तीन अक्षरांची सही.

नावाच्या खाली ते चित्र होतं.

कलेक्टर कचेरीसमोर उपोषणाला बसलेल्या विडी कामगार बायका. पुढारीणबाईचा हात आभाळाकडे, तोंड घोषणेसाठी उघडं. आणि प्रत्येकीच्या पदराखाली एकेक जेवणाचा डबा. एका डब्यातून पोळीचं टोक बाहेर आलेलं.

"हे नको," मी म्हणाले.

"का? नानांचं सगळ्यात गाजलेलं चित्र आहे हे. मालकांनी तर मूळ चित्र मागितलं होतं, बैठकीत लावायला."

मालक म्हणजे दैनिकाचे मालक, जयवंतराव हत्तरगे. चार वेळा आमदार, दोनदा मंत्री. विडी कारखानदारांशी त्यांची सोयरीक होती आणि ते उपोषण त्यांनीच आठव्या दिवशी मोडलं होतं. नाना त्यांना नेहमी खांद्यावर शाल घेतलेले काढायचे, आणि शालीला दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच लटकत असायची. सारखे सत्कार घेणारा माणूस, चिठ्ठी काढायला सवड कुठली. मालक यावर चिडले नाहीत, तीच त्यांची हुशारी. दर दिवाळीला आमच्या घरी एक शाल यायची, चिठ्ठीसकट. नाना ती गल्लीत कुणाला तरी देऊन टाकायचे.

"दुसरं कुठलंही घ्या," मी म्हणाले. "सात हजार चित्रं आहेत."

"पाचशे प्रती बांधून झाल्यात ताई. खर्च मालकांच्या प्रतिष्ठानचा. रविवारी सभा, आदरांजली आणि प्रकाशन एकत्रच. तुम्ही फक्त दोन शब्द बोला. मुलीच्या नजरेतून वडील, असं काहीतरी. घरगुती."

मी अल्बम पिशवीत टाकला आणि उठले. तोवर माझा राग कुलथेंवर नव्हता. नानांवर होता.

ते चित्र मी मार्च महिन्यात पुण्यात पाहिलं होतं. मी तिथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्या वाचनालयात सोलापूरचा अंक एक दिवस उशिरा यायचा. मी तो टेबलावर लावायला घेतला, चित्र दिसलं, आणि अंक तसाच घडी घालून कपाटात ठेवला. तो कुणाला वाचायला मिळू नये म्हणून. ग्रंथपालानं असं करू नये. मी केलं. मग व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"नाना, आजी काय काम करायची?"

"काय झालं पद्मा?"

"काय करायची ते सांगा."

"विड्या वळायची."

"मग तिच्याबरोबरच्या बायकांना पदराखाली डबा लपवताना काढलंत तेव्हा हात नाही थरथरला?"

नानांना तीन वर्षांपासून कंपवात होता. मी ते मुद्दाम बोलले. लागावं म्हणून.

मग त्यांनी विचारलं, "नीट बघितलंस का तू?"

"बघितलं. एकदा बघितलं, पुरे झालं."

"बरं," नाना म्हणाले.

त्यानंतर एकेचाळीस दिवस मी फोन केला नाही. त्यांनीही केला नाही. सदर बंद झालं. 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' अशी चौकट आली होती. मला वाटलं, लाज वाटली असेल. मला बरं वाटलं. बेचाळिसाव्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन आला. मी पोहोचेपर्यंत त्यांना बर्फावर ठेवलं होतं.

कुलथेंकडून मी घरी आले. अम्माला जाऊन सहा वर्षं झाली होती, घरात आता कुणीच नव्हतं. नानांचं टेबल खिडकीशी तसंच होतं. रविवारी दोन शब्द बोलायचे होते. मी अल्बम उघडला आणि काही ठरवायच्या आत बोट पहिल्या पानावर फिरायला लागलं. लहानपणची सवय.

नाना प्रत्येक चित्रात कुठेतरी एक मुंगी काढायचे. तिळाएवढी. कधी टेबलाच्या पायावर, कधी पुढाऱ्याच्या चपलेवर, कधी मायक्रोफोनच्या वायरवर. अर्धं शहर सकाळी चहा पिताना ती शोधायचं. शाळेत जाताना रिक्षावाले एकमेकांना ओरडून विचारायचे, "घावली का?" मी चार वर्षांची असल्यापासून शोधत होते. पण मला एक जास्तीची गोष्ट माहीत होती. मी सात वर्षांची असताना नानांनी ती मला सांगितली होती आणि कुणाला सांगू नकोस म्हणाले होते. चित्रात जो खोटं बोलत असेल, त्याच्याकडे मुंगीचं तोंड असतं.

पान एक, मंत्र्याच्या छत्रीवर. पान दोन, फायलीच्या दोरीवर. मी भराभर पुढे जात होते. शेवटच्या वर्षातल्या चित्रांत रेघ हललेली होती आणि सही तर कोंबडीनं उकरल्यासारखी, पण मुंगी दर वेळी वेगळीकडे आणि नेटकी. तिळाएवढ्या मुंगीसाठी ते एका हातानं दुसरं मनगट धरून बसायचे, मी पाहिलं होतं.

पान एकसष्ट, दसऱ्याच्या शुभेच्छा. मुंगी सहीतल्या 'म'च्या उभ्या काठीवर, तोंड डावीकडे. पान सदुसष्ट, संक्रांत. मुंगी 'म'च्या काठीवर, तोंड डावीकडे. पान सत्तर, पाणीपुरवठ्याचं उद्घाटन. तिथंच.

मी अल्बम मिटला आणि मुखपृष्ठ खिडकीच्या उजेडात धरलं.

'म'च्या काठीवर. तोंड डावीकडे, चौकटीच्या बाहेर. तिकडे कुणीच नव्हतं.

आणि सही स्वच्छ होती. एकाही जागी हललेली नाही. मार्चमध्येही मला ती स्वच्छ दिसली असणार. पहिलीपासून मी त्या माणसाची सही ओळखत होते.

नानांच्या वह्या कपाटात होत्या. रोज छापून आलेलं चित्र ते कापायचे, एका पानावर एक असं चिकटवायचे आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं तारीख घालायचे. अंक ज्या दिवशी निघत नसे त्या दिवसाला पानच नसे. शेवटची वही मी काढली. दसऱ्याची तारीख होती, खाली पान कोरं. संक्रांतीची तारीख, पान कोरं. उद्घाटनाचंही तसंच. आणि मार्चमधली ती तारीख, वाकडीतिकडी, आकडे एकमेकांवर चढलेले. पान कोरं. त्यापुढे वहीत काही नव्हतं.

ती सही मला माहीत होती. आदल्या वर्षी मीच ती एका जुन्या चित्रातून कापली होती. योगायोगानं त्या चित्रात मुंगी सहीवर चढलेली होती. मला ते गोड वाटलं, म्हणून ठेवली. नानांचा हात सहीपाशी अडायचा, एकेका चित्राची तीन-तीनदा वाट लागायची. मी म्हटलं, चित्र तुम्ही काढा, सही ऑफिसातले लावतील. ते म्हणाले, "सही हातानंच होते पद्मा." मी ऐकलं नाही. पुण्याला जाऊन स्कॅन करून कुलथेंना पाठवून दिली. माझ्या मते मी त्यांचं ओझं हलकं करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलथेंच्या केबिनमध्ये वही उघडून ठेवली.

"हे चित्र कुणी काढलं?"

त्यांनी वही पाहिली. नाटक केलं नाही, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. "ऑफिसातच झालं. कॉम्प्युटरवर. चेहरे नानांच्याच जुन्या चित्रांतून घेतले."

"आणि सही?"

"तुम्हीच पाठवली होती."

"ती त्यांच्या चित्रांसाठी होती."

"ताई, माणूस महिन्यातून चार दिवस तपासण्यांना जायचा. सदर रिकामं ठेवता येत नाही. दसरा, संक्रांत, पाण्याचं उद्घाटन, त्यात काय होतं? ते काही बोलले नाहीत."

"आणि डबे?"

कुलथेंनी चष्मा काढला. "तो विषय वरून आला होता."

"मालकांकडून."

"वरून."

"नानांना कधी कळलं?"

"छापलं त्याच सकाळी आले. रिक्षानं, एकटे. तुम्ही बसलाय तिथंच बसले. म्हणाले, उद्या पहिल्या पानावर खुलासा छापा, चित्र माझं नाही. मी म्हटलं, छापतो, पण मग सही आमच्याकडे कशी आली तेही छापावं लागेल. त्यांना ठाऊक नव्हतं. मी ई-मेल दाखवला."

"काय दाखवलं?"

त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. शोधावं लागलं नाही, जपून ठेवला होता. आदरणीय कुलथेसाहेब, सोबत नानांची सही पाठवत आहे. गरज पडेल तेव्हा वापरावी. आपली, पद्मजा कोडम.

'गरज पडेल तेव्हा.' दिवसभर पुस्तकांत राहणाऱ्या बाईनं लिहिलेलं वाक्य.

"मग?"

"वाचला त्यांनी. म्हणाले, पोरीला यातलं काही कळता कामा नये. मी म्हटलं, तुम्ही बोलला नाहीत तर कोण सांगणार? मग हे टेबल धरून उठले. चित्र पुन्हा पाठवलं नाही." कुलथेंनी चष्मा चढवला. "मी त्यांचा आदर करायचो ताई. म्हणून तर हा अल्बम."

म्हणजे मी फोन केला तेव्हा ते शब्द देऊन बसले होते. आदल्याच दिवशी.

मी वही पिशवीत घातली.

"आता रविवारी काही..." कुलथे म्हणाले. "म्हणजे, ई-मेल तुमच्या नावानं आहे, एवढंच लक्षात ठेवा."

"ठेवते," मी म्हणाले. "दोन शब्द बोलेन मी. घरगुती."

रविवारी सभागृह भरलं होतं. प्रत्येक खुर्चीवर एक अल्बम ठेवला होता. नानांच्या कारखान्यातले म्हातारे नक्षीकार आले होते, निवृत्त मास्तर होते, रोज मुंगी शोधणारी कितीतरी माणसं होती. मागच्या रांगेत नरसव्वा बसली होती. ती विडी कामगार बायकांची पुढारीण, मुखपृष्ठावरची. ती आणि माझी आजी एकाच ओट्यावर विड्या वळायच्या. मी तिच्याकडे गेले.

"आलात तुम्ही."

"आले," नरसव्वा म्हणाली. "तुझ्या बापाला, व्यंकटेशला, मी कडेवर घेतलेलं हाय. त्यानं माझं तोंड काळं केलं म्हणून मी त्याच्या मातीला आले न्हाई. मग झोप लागंना. म्हणून आज आले."

मी तिला काही सांगितलं नाही. तिथंच सांगायला हवं होतं असं नंतर वाटलं. पण मला ते सगळ्यांसमोर हवं होतं.

प्रकाशन झालं. मालक बोलले आणि छान बोलले. "कोडमांनी मला सव्वीस वर्षं धुतलं. लोक म्हणायचे, मालक, राग येत नाही? मी म्हणायचो, अरे, धोबी घरचा आहे." लोक हसले. मग त्यांनी मला पुढे बोलावलं. कुणीतरी शाल आणून दिली. त्यांनी ती उलगडली, माझ्या खांद्यावर घातली आणि माईकवर म्हणाले, "नानांची आठवण म्हणून चिठ्ठी मुद्दाम ठेवली आहे, बरं का पोरी." टाळ्या झाल्या. चिठ्ठी माझ्या दंडाला टोचत होती. फोटोग्राफर समोर आला.

मी शाल काढली, घडी केली आणि माझ्या खुर्चीवर ठेवली. मग माईकपाशी गेले.

"मला भाषण येत नाही," मी म्हणाले. "लहानपणी मी आणि नाना एक खेळ खेळायचो. तुम्हीही खेळला असाल. अल्बम उघडा. पान चार. मुंगी शोधा."

पानांचा आवाज झाला. पुढच्या रांगेतले एक मास्तर शाळकरी पोरासारखे म्हणाले, "मालकांच्या जोड्यावर."

"तोंड कुणाकडे आहे?"

"मालकांकडंच."

"नानांनी मला सांगितलं होतं, जो खोटं बोलत असेल त्याच्याकडे तोंड असतं."

आधी कुणाला कळलं नाही. मग मोठा हशा झाला. सगळ्यांत मोठ्यानं मालक हसले. मी पान नऊ म्हणाले, पान तीस म्हणाले. लोक पुढे पुढे स्वतःच उलटायला लागले, एकमेकांना दाखवायला लागले. कुलथे व्यासपीठावर माझ्याकडे बघत नव्हते.

"आता एकसष्ट. मग सदुसष्ट. मग सत्तर."

"सहीवर हाय," कुणीतरी म्हणालं. "तिन्हीकडं सहीवरच."

"आता मुखपृष्ठ."

मागून नरसव्वा उभी राहिली. अल्बम तिनं डोळ्यांच्या अगदी जवळ धरला होता.

"मला वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "मुंगी दिसती. ही हितंच बसलीया. ही चालत न्हाई."

"ती मेलेली आहे," मी म्हणाले. "ही चार चित्रं माझ्या वडिलांची नाहीत. ऑफिसात तयार केली आणि खाली त्यांची सही चिकटवली. ती सही ऑफिसला मी दिली होती. ई-मेल माझ्या नावानं आहे, कुलथेसाहेबांनी जपून ठेवलाय, कुणाला पाहायचा असेल तर ते दाखवतील. नानांनी खुलासा छापायला सांगितला, तो छापला नाही. माझं नाव पुढे करून त्यांना गप्प बसवलं. मीही त्यांना गुन्हेगार ठरवलं आणि ते जाईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. नरसव्वा, नानांनी तुमचं तोंड काळं केलं नाही."

ती उभीच होती. मग तिनं अल्बम खुर्चीवर पालथा ठेवला, पदर सारखा केला आणि चालत बाहेर गेली. तिच्या बाजूचा माणूस उठला, त्यानंही अल्बम पालथा ठेवला. घोषणा वगैरे काही झालं नाही. लोक उठत गेले. अर्ध्याअधिक खुर्च्यांवर अल्बम पालथे पडलेले होते.

मालक जाताना माझ्यापाशी थांबले. हसत होते. "शोभतेस," ते म्हणाले. "कोडमांचीच लेक." आणि माझ्या पाठीवर हलकेच थोपटलं. त्या माणसाला चिडवायला नानांना सव्वीस वर्षं जमलं नव्हतं. मलाही जमलं नाही. पाठीची ती जागा मी घरी जाऊन साबणानं धुतली.

कुलथे एकच वाक्य बोलले. "दुःखात माणूस काहीही बोलतो, लोक समजून घेतात."

सोमवारी सकाळी मी अंक विकत आणला. पहिल्या पानावर बातमी होती, 'कोडम यांना भावपूर्ण आदरांजली. कन्येला अश्रू अनावर'. मी रडले नव्हते. शेजारी चार कॉलमी फोटो. मालक माझ्या खांद्यावर शाल घालतायत आणि मी मान खाली घालून उभी आहे. शालीची चिठ्ठी पुसून टाकली होती. तिच्या जागी शालीचा रंग भरला होता, पण नक्षीची रेघ तिथं जुळत नव्हती. या वेळी मी नीट बघितलं.

नंतर मी खुलाशासाठी तीन पत्रं पाठवली. एकही छापलं नाही. ती चार चित्रं अजून नानांच्या नावावर फिरतात. शिवजयंतीला, निवडणुकीला कुणीतरी मोबाइलवर पाठवतं. याला बारा वर्षं झाली.

पण त्या सोमवारी मी कात्री घेतली होती. बातमी कापायला. मग ती खाली ठेवली. नानांची वही उघडली, मार्चमधल्या त्या पानाच्या पुढचं पान काढलं, लाल पेन्सिलीनं कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख घातली आणि पान कोरं सोडलं.